राखीव पत्त्यावरून आलेली ओ

ही घटना खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडा; मिनतवाऱ्या करणे माझ्या स्वभावात नाही.

घडली माझ्या थोरल्या सुनेच्या कार्यालयात. तिसऱ्या मजल्यावर, भरदुपारी.

सून प्रोग्रामर. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. त्यातले काही राखीव. ते केवळ पुस्तकांत उदाहरणादाखल छापायचे. तिथे यंत्र कधीच जोडायचे नाही. असे पत्ते ओळखून अडवणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये जोडायचा तयार भाग, सुनेने लिहिली होती. रुग्णालयांतल्या यंत्रांचे धोक्याचे इशारे या लायब्ररीच्याच भरवशावर जाणार होते. संध्याकाळी ती ग्राहकाला सोपवायची होती.

तपासणीसाठी तिने अडसर काढला आणि एका राखीव पत्त्याला हाक दिली, म्हणजे ‘आहेस का?’ असा संदेश पाठवला. अपेक्षा एकच... शांतता.

उत्तर आले.

‘आहे.’

शेजारच्या सहकाऱ्याला सगळे शंकासुर म्हणत. तो हसला. “ताई, भुतांनाही घरून काम करायची सवलत मिळाली वाटतं!”

“दात काढू नकोस. वायर काढ.”

त्याने नेटवर्कची वायर उपसली. वायफायही बंद केले.

तिने पुन्हा हाक दिली.

‘आहे.’

शंकासुराने खुर्ची मागे सरकवली.

सुनेने अडसर परत लावला. हाक दिली... काही नाही. पुन्हा दिली... काही नाही. तिच्या जिवात जीव आला.

एकच तपासणी उरली. प्रत्येक यंत्राचा स्वतःपुरता एक पत्ता असतो. त्यावरची हाक बाहेर जातच नाही. यंत्र स्वतःच स्वतःला ओ देते. बाहेरचे कुणी तिथे पोहोचूच शकत नाही.

तिने हाक दिली.

ओ आली. नेहमीची.

आणि मागोमाग... दुसरी.

“ताई, तोही पत्ता अडवा!”

“कसा अडवू? स्वतःशी बोलणंच थांबलं तर यंत्र चालेल का? अरे, आपण त्याला बाहेर काढलं नाही... आत कोंडलं.”

संध्याकाळी तिने लायब्ररी सोपवायला नकार दिला, तेव्हा तिच्या साहेबांनी आवाज चढवला. “वेड लागलंय का तुम्हाला?”

“लागलं असेल. पण माणसांच्या उशाशी मी हे पाठवणार नाही.”

नोकरी गेली. लायब्ररी तिथेच राहिली. पुढे कुणी ती सोपवली का, ठाऊक नाही.

परवा मला रुग्णालयात ठेवले. उशाशी यंत्र लावले. सुनेने नर्सला एवढेच विचारले, “यातला प्रोग्राम कुणाचा हो?”

“मला काय माहीत, बाई!”

सून खुर्ची ओढून बसली. “डोळे मिटा, आई. मी आहे.”

मी मिटले नाहीत. तिने त्या यंत्राकडे क्षणभरही पाठ केली नाही...