हात बाहेर

बेकरीत मैदा मळायचं मोठं मशीन चालवणाऱ्या माणसाला उगाच कोणी उस्ताद म्हणत नाही. उमेदीची सगळी वर्षं त्या बटणापाशी घालवल्यावर कुठे त्याला ते नाव मिळालं होतं. आणि आता हा उस्ताद पुढच्या खोलीतल्या पलंगावर पडला होता. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हाताने तो लसूण सोलत होता. एका हाताने लसूण सोलून बघा कधीतरी. एका पाकळीशी झटापट करता करता अर्धी दुपार जाते. पण जात होती ना, तेवढंच त्याला हवं होतं.

घरी बसणं हे दुखण्यापेक्षा वाईट. सुरुवातीला तो नुसता झोपला, मग छताकडे बघत बसला, मग बायकोला स्वयंपाक शिकवायला लागला. आच कमी कर, झाकण काढ, एवढं मीठ कशाला. तिने दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं की उस्ताद तुम्ही बेकरीत, या घरात नाही. तेव्हापासून तो लसूण सोलत होता आणि घरातले आवाज ऐकत होता. दिवसभर पडून असलेल्या माणसाचे कान फार तिखट होतात. नळ कुठला टपकतोय, बायको कुठल्या खोलीत आहे, सगळं त्याला पडल्या पडल्या कळायचं.

बेकरीतला नियम साधा होता. मशीनच्या भांड्यात तळाला पीठ चिकटून बसतं, ते हाताने खरवडावं लागतं. एकाने भांड्यात वाकायचं, दुसऱ्याने बटणापाशी उभं राहायचं. बटणवाल्याने विचारायचं, "हात?" वाकलेल्याने सांगायचं, "बाहेर." उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कधी उस्ताद बटणापाशी असे, कधी त्याचा जोडीदार. या जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत, कारण जोराचा वारा सुटला तर त्याला भिंत धरून उभं राहावं लागेल अशी त्याची अंगकाठी होती. दोघांनी हे इतकी वर्षं केलं होतं की प्रश्न कानावर पडताच उत्तर आपसूक तोंडातून निघायचं. हात कुठे आहे हे बघायला कोणी थांबत नसे. आणि तिथेच घात झाला.

त्या दिवशी उस्तादने विचारलं, "हात?" पैलवान म्हणाला, "बाहेर." म्हणाला तेव्हा त्याचा हात खांद्यापर्यंत आत होता. लोखंडी पातं फिरलं आणि पैलवान आत ओढला गेला, आधी हात, मग मान. बटण बंद करायचं उस्तादला सुचलंच नाही. त्याने सरळ आपला हात आत घातला, पैलवानचं मनगट धरलं आणि जीव खाऊन ओढलं. स्वतःचं हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला, पण मनगट काही सोडवेना. भट्टीवाल्याने धावत येऊन मशीन थांबवलं तोवर पीठ लाल झालं होतं. पैलवानला त्यातून वेगळं करायला फार वेळ लागला.

सगळे म्हणाले, तू विचारलंस, त्याने सांगितलं, तुझा काय दोष? उस्तादलाही ते पटलं होतं. त्याला फक्त पैलवानची आठवण यायची, आणि ती फार यायची. लसूण सोलताना डोळे पाणावले की तो बायकोला सांगे, लसूण झोंबतोय. तीही मान डोलवायची.

तर त्या दुपारी त्याचा डोळा लागला होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता. त्या आवाजातून, अगदी सहज, कोणीतरी विचारलं, "हात?"

"बाहेर," उस्ताद झोपेतच म्हणाला.

आणि मिक्सर घरघरला. लगेच बायकोची किंकाळी आली. तो धडपडत आत गेला तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती, एका हाताने दुसरा हात घट्ट धरून. पात्यात अडकलेली चटणी ती बोटांनी काढत असतानाच मिक्सर फिरला होता. दोन बोटांची टोकं भांड्यात राहिली होती आणि टाइल्सवर रक्त उडालं होतं. मी बटणाला हातही लावला नव्हता, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. उस्तादने बटणाकडे पाहिलं. ते बंदच होतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. हसरा, बडबड्या माणूस. त्याने मिक्सर उघडून पाहिला, भिंतीतल्या वायरी पाहिल्या आणि कशातच दोष नाही म्हणाला. आता आलोच आहे तर हा पंखाही बघतो, डुगडुगतोय, म्हणून तो स्टूल घेऊन पुढच्या खोलीत आला. मेन स्विच त्याने स्वतः बंद केला. पंख्याच्या दांड्याला हात घालून तो नट आवळत होता आणि उस्तादला आपल्या सासऱ्याच्या गमती सांगत होता. कित्येक दिवसांनी उस्ताद मोकळेपणी हसत होता. बोलायला माणूस मिळाला की किती बरं वाटतं, हे त्याला त्या वेळी जाणवलंही.

दाराआडून आवाज आला, "हात?"

हसता हसता उस्ताद म्हणून गेला, "बाहेर."

पंखा एकदम पूर्ण वेगाने सुटला. पहिलं पातं वायरमनच्या भुवईपासून कानापर्यंत चिरत गेलं. त्याचा हात दांडा आणि पात्यामध्ये सापडला आणि तो त्या हातावरच लोंबकळला, कारण पायाखालचं स्टूल उडालं होतं. पंखा त्याला घेऊन फिरला. मग मनगटातलं काहीतरी तुटलं आणि तो फरशीवर आपटला. भिंतींवर, पलंगावर, उस्तादच्या पांढऱ्या प्लास्टरवर सगळीकडे रक्ताचे शिंतोडे उडाले. मेन स्विच अजूनही बंदच होता.

या वेळी उस्ताद जागा होता. आवाज त्याने नीट ओळखला होता. शेवटचं अक्षर किंचित लांबवून, थोडं कंटाळल्यासारखं फक्त पैलवानच तसं विचारायचा.

अॅम्ब्युलन्स गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तुमच्या डोळ्यांदेखत तुमचा माणूस गेलाय, असं व्हायचंच, म्हणाली.

"तू काही दिवस बहिणीकडे जा," तो म्हणाला.

"आणि तुम्हाला भरवणार कोण? बटणं कोण लावणार?"

"मग निदान कशात हात घालू नकोस."

"अहो, घर चालवायचं म्हणजे दिवसभर हात घालावाच लागतो," ती म्हणाली. "माझं सोडा, तुम्ही जरा पडा."

उस्तादने पंच्याची घट्ट गुंडाळी केली, तोंडात कोंबली आणि वरून एका हाताने कसाबसा रुमाल बांधला. स्वतःच्या जिभेवर त्याचा भरवसा उरला नव्हता. हात मोडला तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता. ही बाई गेली तर आपलं या जगात कोणी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आपणच एका शब्दाने तिला मारू शकतो, हेही आता कळलं होतं. बायकोने तो अवतार पाहिला आणि तिला रडावं की हसावं कळेना. जेवायच्या वेळी सोडा म्हणजे झालं, एवढंच ती म्हणाली.

रक्ताच्या चादरी धुवायच्याच होत्या. संध्याकाळी तिने त्या न्हाणीघरातल्या वॉशिंग मशीनमध्ये टाकल्या. उस्ताद पलंगावर बसून कान देत होता. मशीन फिरलं, थांबलं. झाकण उघडल्याचा आवाज आला. ओल्या चादरींचा पीळ पडला असावा, कारण ती स्वतःशीच पुटपुटत होती आणि जोर लावत होती. म्हणजे हात आत होता, बहुतेक कोपरापर्यंत... कदाचित त्याच्याही वर.

"हात?"

उस्तादने पंचा दातांखाली धरला.

घर चिडीचूप झालं. टपकणारा नळसुद्धा थांबल्यासारखा वाटला. खोलीत हळूहळू वास पसरला, आंबवलेल्या पिठाचा, आणि त्याच्या खाली दुसरा, गंजलेल्या लोखंडासारखा.

"हात?" आता आवाज दारात होता.

त्याच्या घशातून शब्द वर येत होता. ढेकर दाबावी तसा त्याने तो दाबला. उत्तर नाही, तर बटण नाही. नियम म्हणजे नियम. पण पैलवान मुळात उतावळा माणूस. जिवंतपणीही दोनदा विचारून झालं की तो वैतागायचा.

"हात...?" तिसऱ्यांदा, आणि आतून मशीन एकदा हिसका देऊन गुरगुरलं. बायको ओरडली, "अहो! हात अडकलाय... ओढतंय मला!"

गप्प राहून भागणार नव्हतं. उस्तादने रुमाल ओरबाडला, पंचा थुंकला आणि आयुष्यात कधी न दिलेलं उत्तर दिलं.

"आत! हात आत आहे!"

मशीन थांबलं. इतकं सोपं होतं, या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं होतं, आणि पैलवानला सुचलं नाही.

मग त्याच्या कानापाशी, अगदी शांतपणे, आवाजाने विचारलं, "कुणाचा?"

असा प्रश्न बेकरीत कधी कोणी विचारला नव्हता. उस्तादने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. आत बायको हुंदके देत होती. हात अजून निघाला नव्हता.

"माझा," तो म्हणाला.

प्लास्टरच्या आत हात फिरला. आधी मनगट, सावकाश, एक पूर्ण वेढा. मग कोपर. जुळत आलेली हाडं पुन्हा मोडली, मग न मोडलेलीही मोडली, आणि फिरणं थांबलं नाही. उस्ताद ओरडत फरशीवर कोसळला. डोळ्यांपुढे अंधारी येण्याआधी त्याला बायको धावत येताना दिसली. तिचे दोन्ही हात, पट्टी बांधलेलासुद्धा, कोपरापर्यंत ओले होते आणि जागच्या जागी होते. ते पाहिलं आणि मगच त्याने डोळे मिटले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर चक्रावले. प्लास्टरला बाहेरून साधा तडासुद्धा नव्हता. कापून उघडलं तेव्हा आत हाताचा नुसता पीळ होता आणि त्याभोवती ताजं, फुगत चाललेलं पीठ. हात खांद्यापासून काढावा लागला.

सकाळी उस्ताद शुद्धीवर आला तेव्हा त्याला चक्क हलकं वाटत होतं. हात गेला होता, पण सुटका झाली होती. बायको वाचली होती आणि पैलवानला हवं होतं ते मिळालं होतं. ती कपडे आणायला घरी गेली आहे, असं नर्सने सांगितलं. एका हाताने काय काय जमेल, याचा तो विचार करू लागला. लसूण तर जमतच होता, म्हणून तो मनाशी हसला.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. नर्सने तो त्याच्या कानाला धरला.

"अहो..." ती कुजबुजत होती. "तुम्ही तिथेच आहात ना?"

"म्हणजे काय? इथेच आहे."

"मग आतल्या खोलीत कोण आहे? तुमचा आवाज येतोय. तुमचाच. मी कपाटात हात घातलाय... आणि तो निघत नाहीये."

तिच्या श्वासाच्या पलीकडे, दूर कुठेतरी, त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. बटणापाशी उभं राहून तो वर्षानुवर्षं विचारायचा, तस्साच.

"हात?"

"काय सांगू?" बायको रडू आवरत म्हणाली. "लवकर बोला. मी काय सांगू?"

उस्ताद हळूच म्हणाला, "आत म्हण. आणि कुणाचा असं विचारलं, तर उस्तादचा आहे म्हणून सांग."

तिचं उत्तर त्याला ऐकू आलं नाही. त्याने उरलेला हात चादरीवर सरळ ठेवला.

"सिस्टर," तो म्हणाला, "फोन इथेच ठेवा, आणि तुम्ही जरा लांब उभ्या राहा."