तीन अडेल गुडघे

तळघरात जिन्याचं दार धाडकन उघडलं आणि हिरव्या कपड्यांतला एक उंच माणूस ओल्या फरशीवरून घसरत थेट वेन्लाच्या पायाशी येऊन बसला. हातातला बर्फाचा डबा मात्र त्याने डोक्यावर उंच धरला होता.

"गुडघा वाचला," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"पेशंटचा. माझा… बहुतेक फुटला."

वेन्लाला हसू आवरेना. चौथ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरातला हा परिचर, ओस्मो. झिजलेला गुडघा बदलताना डॉक्टर हाडाची जी चकती कापून काढतात ती, पेशंटने परवानगी दिली असेल तर, बर्फात घालून खाली तिच्या प्रयोगशाळेत पोचवणं हे आता त्याचं काम होतं. त्या चकतीवरच्या कूर्चेवर वेन्लाची पीएच.डी. चालली होती.

"लिफ्ट आहे की," ती म्हणाली.

"आहे," ओस्मो म्हणाला आणि लंगडत निघून गेला. फिनलंडमध्ये एवढं बोलणं म्हणजे गप्पाच झाल्या.

तिसऱ्या डब्यासोबत त्याच्या खिशातून वेलचीचा पाव निघाला. चौथ्यासोबत दोन निघाले.

"इतकं काय बघतेस त्या तुकड्यात?"

"पेशी कामाच्या चिठ्ठ्या लिहिते. आरएनए म्हणजे त्या चिठ्ठ्या. त्यांवर मिथाइलची बारीकशी खूण लागते. कुठली चिठ्ठी टिकवायची, कुठली फाडायची, ते बरंचसं त्या खुणेवर ठरतं. कूर्चा खाऊन टाका, असं लिहिलेली चिठ्ठीच टिकून राहिली, की गुडघ्याचं वाटोळं."

आपल्याकडे बाळाला तीट लावतात ना, तेवढीशीच ती खूण. पण करामत मोठी.

"आणि ज्याला चिठ्ठी लिहायचा धीरच होत नाही," ओस्मो पावाकडे बघत म्हणाला, "त्याचं काय दुखतं?"

वेन्लाने उरलेला पाव अख्खा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही… कान मात्र लाल झाले, ते कुठे लपवणार?

नोव्हेंबर उजाडला. तळं गोठायला लागलं, खिडकीबाहेर चिकचिकीत बर्फ पडत राहिला, आणि अकरा गुडघ्यांचा हिशोब हाती आला. आठ गुडघ्यांत झिजलेल्या जागी खुणा वाढलेल्या होत्या. तीन गुडघ्यांत चक्क कमी.

तिचे मार्गदर्शक प्रोफेसर पेर्त्ती बारा वर्षं एकच सांगत आले होते: कूर्चा झिजते तशा खुणा वाढतात. त्या पुसणारं औषधही त्यांनी योजलं होतं. सोमवारच्या बैठकीत, सगळ्यांच्या कॉफीच्या कपांसमोर, त्यांनी तिच्या आलेखावरच्या तीन टिंबांवर पेन टेकवलं.

"हे तीन काढून टाक."

"का?"

"आरएनए नाजूक असतं. वर तुकडे उघड्यावर पडून राहिले असणार. ते थिएटरातले लोक कॉफी प्यायला जातात, तुकड्याची कुणाला पडलीय?"

वेन्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं काय व्हायचं ते होवो, पण पावाचे तुकडे मोडून देणाऱ्या त्या माणसाच्या माथी हे मारू द्यायचं नाही. आणि ते तीन गुडघे? ती काही नुसती टिंबं नव्हती, तीन म्हाताऱ्या माणसांचे पाय होते. त्यांच्यासारख्यांना पेर्त्तींचं औषध दिलं तर कूर्चा कदाचित आणखीच लवकर जायची.

"त्याच्या पाठीमागे नाही बोलायचं," ती म्हणाली आणि तिने वर फोन लावला.

ओस्मो आला तो टोपी कानापर्यंत ओढून, पांढरे लाकडी जोडे वाजवत. वेन्लाने वही उघडली. प्रत्येक डब्यावरची चिकटपट्टी तिने त्यात जपून लावली होती. हाड कापल्याची वेळ भूल देणारी नर्स त्यावर टाकायची, खाली वेन्ला डबा मिळाल्याची.

"तीन मिनिटं. चार. तीन," तिने पहिल्या पानापासून वाचलं. "अकरांतला एकही चारच्या वर नाही. तुमचे नावडते तिन्ही तर तीन मिनिटांतले आहेत, पेर्त्ती."

"अशक्य. लिफ्टलाच पाच लागतात."

"मी जिन्याने येतो," ओस्मो म्हणाला.

"चार मजले? पळत? दरवेळी? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कोण कशाला पळेल हो एका चकतीसाठी?"

ओस्मोने टोपी काढली. एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण मान वर करून बोलला.

"हाड कापल्यापासून दहा मिनिटांनी मला परत वर निघावं लागतं. पळत आलो की सहा-सात उरतात, हिच्यासोबत. म्हणून पळतो. मला ही आवडते. पहिल्या दिवशी घसरलो तेव्हापासून. लिहून घ्यायचं तर घ्या."

वेन्लाचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी तिने तोंड लपवलं नाही.

"म्हणजे साक्षीदारच घरचा निघाला," पेर्त्ती हसले.

"वेळ नर्सने लिहिलीय, याने नाही," वेन्ला उठून उभी राहिली. "अकराच्या अकरा गुडघे छापायला जातील. नाहीतर माझं नाव काढा आणि आठांखाली एकट्याने सही करा. तिसरा रस्ता नाही."

पेर्त्तींनी वही ओढून घेतली. एकेक पट्टी वाचली. परत वाचली.

"अकरा," ते शेवटी पुटपुटले. "पण बारावा, तेरावाही लागेल. हे तीन असे का, ते तूच शोधायचं."

"शोधणारच होते."

बाराव्या गुडघ्याच्या दिवशी ओस्मो डबा घेऊन थिएटरचं दार ढकलतो, तर समोर वेन्ला. चार मजले चढून धापा टाकत होती. हातात पाकीट, त्यात दोन वेलचीचे पाव.

"आज पळायचं नाही," ती म्हणाली. डबा त्याच्या हातून घेतला, घड्याळ बघून पट्टीवर वेळ टाकली. "शून्य मिनिटं."

"मग… माझी दहाच्या दहा उरली की."

"उरली ना. हे तळघरात बर्फात ठेवते, तू मागोमाग ये. आणि हो, त्या दिवशी चिठ्ठीचं विचारलं होतंस…"

"हं?"

"लिहू नकोस. तोंडाने सांगितलंस तेच मला आवडलं. मलाही तू आवडतोस, ओस्मो."

ती डबा छातीशी धरून जिना उतरायला लागली. ओस्मो एवढा गोंधळला की आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला, आणि मग भानावर येऊन तिच्यामागे पळत सुटला.