तळ्याकाठची तांबडी रेघ

बाबा शेवटचे डोंगरातल्या तळ्याकडे गेले त्याच्या आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे त्यांचा अहवाल टाईप करत होते. ते समोर बसून बुटांना मेण चोळत होते. 'पाणी रेघेशी. फरक शून्य.' सलग अकरावं वर्ष. माझी बोटं थांबली. "दमलीस?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि पान बदललं.

ते परतले नाहीत.

तळ्याखालच्या दरीतली वस्ती हलवायची की नाही, हे समिती त्यांच्याच आकड्यांवरून ठरवणार होती. म्हणून आम्ही तिघं निघालो: मी, बाबांच्या हाताखाली शिकलेली एक सर्वेक्षिका आणि त्यांचा जुना वाटाड्या. आकडा पडताळायचा होता. बाबा दिसले तर त्यांनाही आणायचं होतं.

तिसऱ्या दिवशी धुक्यातून तळं समोर आलं. हिमनदीनं लोटलेल्या दगडमातीचा बांध आणि त्यामागे शिशाच्या रंगाचं पाणी. वारा नाही, पाखरू नाही. बांधावरच्या मोठ्या दगडावर बाबांनी ओढलेली तांबडी रेघ होती आणि पाणी तिला नेमकं टेकलेलं होतं. आम्ही येणार हे त्याला ठाऊक असावं तसं!

सर्वेक्षिकेनं यंत्र समोरच्या, जागचा न हलणाऱ्या कातळकड्यावर रोखलं. दोनदा मोजलं. मग ती खालीच बसली.

"ताई, दगडच खचलाय. पहिल्या वर्षीच्या मोजणीपेक्षा सहा मीटर खाली."

बांधाच्या पोटातला बर्फ वितळत होता. बांध खचे, तसं त्यावरून वाहून पाणी उतरे आणि दगडही; म्हणून फरक शून्य दिसे, पण पोकळ झालेला बांध आता केव्हाही फुटू शकत होता. खूण कड्यावर हवी होती; पण तिथं होडीशिवाय पोचता येत नसे, म्हणून बाबांनी हाताशी आलेला दगड निवडला होता.

तेवढ्यात पलीकडच्या उतारावर बाबांची काठी दिसली. उभी रोवलेली. मी धावले.

पायाखालून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला. जमीन हलली! वाटाड्यानं माझी पाठपिशवी मागून धरली.

"सोड ती काठी, पोरी. माझाही दोस्तच होता तो. पळ!"

आम्ही पळालो. मागं वळून पाहिलं तेव्हा दगड कलत होता. तो पाण्यात गेला, पण आवाज झाला नाही.

समितीच्या खोलीत अध्यक्षांनी मला आधी पाणी दिलं. वडिलांच्या अभ्यासावर आमचा पूर्ण विश्वास आहे, वस्ती सुरक्षितच आहे, असं ते हळुवारपणे म्हणाले. मी नवे आकडे त्यांच्यापुढं सरकवले.

"बाबा चुकले होते," मी म्हणाले. "सगळे अहवाल मी टाईप केले. मला शंका आली होती. मी त्यांना विचारलं नाही. लोकांना आजच हलवा."