चुकीच्या पत्त्यावरचं घर

“तुमचं ठिकाण डाव्या हाताला आहे,” फोनमधली बाई ठामपणे म्हणाली, आणि चिंगीनं मान वर केली. डाव्या हाताला अण्णांचं ऑफिस नव्हतंच! तिथे होतं एक निळं फाटक, आत दुमजली घर आणि दारात झारी घेऊन उभा असलेला एक उंच तरुण.

“या ना,” तो हसून म्हणाला. “घर बांधणारे शोधताय? तुम्ही अकराव्या.”

“अकराव्या...?”

“फोनमध्ये बघत बघत माझ्या कुंडीवर धडकणाऱ्या. दहाव्यांनी नुसती पाडली होती, तुम्ही फोडलीत.”

चिंगीनं खाली पाहिलं. खरंच की! मातीत तिची चप्पल रुतली होती, आणि तो मात्र कुंडीऐवजी तिच्याकडेच पाहत होता.

घरबांधणीची ती छोटी कंपनी तिच्या वडिलांची. अण्णा, चार गवंडी आणि नकाशे काढणारी चिंगी, एवढाच पसारा. सहा महिन्यांत एकही नवं काम आलं नव्हतं, आणि एका बड्या बिल्डरनं अण्णांना सुपरवायझरची नोकरी देऊ केली होती. “पुढच्या महिनाअखेरपर्यंत एक तरी घर येऊ दे, नाहीतर कंपनी बंद,” असं त्यांनी सांगून टाकलं होतं. वेबसाइट असून लोक येत का नाहीत, हे बघायला चिंगी आज गिऱ्हाईक बनली. गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिनं फोनवर ‘जवळचे घर बांधणारे’ शोधले, आणि यादीच्या पार तळाशी सापडलेल्या आपल्याच कंपनीच्या पत्त्यावर निघाली.

आपण कोण, हे तिनं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण समोरचा माणूस इतकं गोड बोलत होता, की जीभ रेटलीच नाही.

“ऑफिस कुठंय ते मला माहीत नाही. पण घर त्यांनीच बांधलंय, ते बघून जा,” तो म्हणाला आणि तिला जिन्यापाशी घेऊन गेला. “हे वळण बघा. इथे खिडकी, खिडकीत बसायला कट्टा. आईचे गुडघे दुखतात ना... ती इथे टेकते, रस्त्यावरची गंमत बघते, मग वर जाते. हे ज्याच्या डोक्यातून आलं, त्याला एकदा भेटायचंय मला.”

चिंगीचे कान तापले. शिकायला बाहेरगावी असताना अण्णांशी फोनवर भांडून भांडून तिनं तो कट्टा नकाशात घुसवला होता. बांधून झालेला ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

“भेटलात की,” ती पुटपुटली. “...मीच ती.”

मग सगळं सांगून टाकलं. तो असा हसला, की तिलाही हसू आवरेना. आतून तो एक वही घेऊन आला. तो शाळेत गणित शिकवायचा.

“तुमचा वेबसाइटवरचा फोन केव्हाचा बंद आहे. म्हणून आलेल्या दहाही जणांची नावं, नंबर लिहून ठेवलेत. हजेरी घ्यायची सवय हो!”

घरी चिंगीनं अण्णांना फैलावर घेतलं. अण्णा बापडे म्हणाले, “अगं, त्या मॅपवर नाव घालताना विचारलं होतं, तुमची जागा दाखवा. मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं घर दाखवलं. चुकलं का?”

चिंगी वही उघडून एकेकाला फोन लावायला बसली.

वहीतल्या सात जणांनी दुसरीकडे काम दिलं होतं, तिघे ‘कळवतो’ म्हणाले. चिंगीनं पदर खोचला. मॅपवरची खूण ऑफिसवर आणली. जिथे जिथे कंपनीचं नाव होतं, तिथे तिथे एकच पत्ता आणि चालू फोन टाकला. नदीकाठच्या वस्तीसाठी ओल न येणाऱ्या भिंतींचं वेगळं पान केलं, टेकडीवरच्यांसाठी उतारावरच्या पायाचं. शाळा सुटली की सर हजर! दोघं जुन्या घरमालकांकडे जायची, फोटो काढायची, खरे अभिप्राय लिहून मागायची.

“गणिताच्या सरांना इतका वेळ कसा मिळतो?”

“गणित आवडीचं असलं, की मिळतो.”

“आणि सुटलं नाही तर?”

“तर... बसायचं समोर. मला घाई नाही.”

चिंगीनं घाईघाईनं खिडकीचा फोटो काढला. त्यात खिडकी आलीच नाही, सर आले. तो फोटो तिनं वेबसाइटवर टाकला नाही आणि पुसलाही नाही. ती प्रेमात पडली होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रोज सकाळी ती कंपनी यादीत कुठे आहे ते शोधायची. एकोणिसावी... अकरावी... सहावी! ‘सहा!!’ तिनं सरांना मेसेज केला. उत्तर आलं, ‘फक्त आकडेच कळवता का हो?’ ‘मग काय कळवू?’ ‘जेवलात का, वगैरे.’

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. अण्णांनी नोकरीच्या मुलाखतीचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. दुपारचे चार वाजले तरी कुणाचा पत्ता नाही. आणि दारात एक जोडपं आलं.

“टेकडीवर प्लॉट आहे आमचा,” नवरा फोन नाचवत म्हणाला. “शोधलं तर तुम्ही दुसऱ्या नंबरवर! उताराचं वाचलं. दुसऱ्या कुणी त्यावर एक ओळ लिहिली नव्हती हो.”

तासाभरानं काम ठरवूनच ती दोघं उठली. अण्णांनी दोनदा चष्मा पुसला. चिंगीला नाचावंसं वाटत होतं, पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर सर येऊन बसले होते, कधीपासून कोण जाणे... केस नीट विंचरून.

“तुमचं काय काम?” नव्या उमेदीनं अण्णांनी कोरा कागद ओढला.

“मलाही घर बांधायचंय. आत्ताचं भाड्याचं आहे.”

“प्लॉट?”

“बघतोय.”

“राहणार किती जण?”

सर अडखळले. कानापर्यंत लाल झाले. “मी, आई... आणि तिसऱ्या माणसाचं— यांना विचारावं लागेल.”

अण्णांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. चिंगीच्या हातातली पट्टी खाली पडली. तिनं ती उचलली, पुन्हा पाडली. मग सरांच्या डोळ्यांत सरळ बघत म्हणाली,

“माझं नकाशे काढायचं टेबल पूर्वेच्या खिडकीत लागेल.”

अण्णांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि विचारलं, “किती फुटी?”