जुन्या गावातलं शिसम

"उद्या सकाळी शिसम पाडणार!" सायकल तशीच टाकून मन्मथ ओरडला. "नवा रस्ता तिथूनच जाणार म्हणे!"

अंगणात शेंगा फोडत बसलेली पंचशीला दचकली. दिवाळीच्या सुट्टीत ती मैत्रीण इराला घेऊन लातूरहून निलंग्याजवळ धम्मदीपमामाच्या गावी आली होती. मन्मथ मामाच्या शेजारचा. भूकंपात पडलेल्या जुन्या गावात ते एकच मोठं झाड उरलं होतं.

"पण वनखात्याच्या सौदामिनी मॅडम त्याचं बी नेणार होत्या ना, जंगलात लावायला?" इराने विचारलं.

"पानांचा डीएनए तपासला. म्हणे, रोपवाटिकेतल्या शिसमांचंच वाण! जपण्यासारखं काही नाही!"

"कसं शक्य आहे?" पंचशीला उठलीच. "रोपवाटिका भूकंपानंतरची. हे झाड तर आजोबांच्याही आधीचं!"

तिघं धावतच निघाली. सडकेकडेला रोपवाटिकेतून आणून लावलेल्या एका कोवळ्या शिसमाच्या फांद्या छाटलेल्या होत्या. आणि जुन्या गावाची वाट? बाभळीने पार बुजलेली!

"आत कुणी गेलेलंच नाही!" इरा म्हणाली. "तपासायला सडकेवरच्या झाडाची पानं गेली!"

पंचशीलाने मागे, मामाच्या घराकडे पाहिलं. मामा मॅडमच्या हाताखाली कामाला होता; पानं तोडायचं काम त्याच्याकडेच होतं.

काटे अंगावर घेत तिघं आत शिरली. मन्मथ सरसर चढला, त्याने पानं खाली टाकली, पंचशीलाने ती ओढणीत बांधली. तेवढ्यात हाक आली, "बाहेर या! आधी बाहेर या!"

मामा सडकेवरच थांबला होता.

"मामा, तू आत गेलाच नव्हतास ना?"

"तुझी मावशी हितंच गेली गं, भूकंपात. ल्हान होतो मी. पानासाठी लई डाव आलो. पाय उचलंना."

सांगावं तर मामाचं काम जाणार. गप्प बसावं तर झाड जाणार! पंचशीलाचे डोळे भरून आले.

"मामा, मोबाइल दे."

त्याने दिला. तिने सौदामिनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पानं दुसऱ्याच झाडाची होती! उद्या झाड पाडू देऊ नका!"

"कुणी तोडली होती ती?"

तिने मामाकडे पाहिलं. मामाने फोन काढून घेतला. "म्या तोडली, मॅडम."

झाडतोड थांबली. खऱ्या पानांची तपासणी झाली. ते शिसम इथल्या जुन्या रानाचं होतं, रोपवाटिकेतल्या एकाही झाडाशी न जुळणारं! झाडाच्या शेंगा पिकल्या तेव्हा मॅडम स्वतः आल्या. पंचशीला आणि इराही मुद्दाम लातूरहून आल्या.

"या मुलांना शंका आली नसती, तर हे वाण कायमचं गेलं असतं. शाब्बास!" मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा मात्र मागे उभा होता. त्याचं काम गेलं होतं. पंचशीला त्याच्याजवळ गेली.

"आम्ही शेंगा तोडायला चाललोय. येतोस?"

 त्याने तिचा हात घट्ट धरला आणि बाभळीतून आत पाऊल टाकलं. एका ढिगाऱ्यापाशी तो थांबला.

"हितं आमचं दार होतं," तो म्हणाला.