एकतीस मार्चचं बहुमत

एकतीस मार्च सलग पाचव्यांदा उजाडला, तेव्हा रेवणनाथ कोष्टींनी दाढी केली नाही. निवृत्तीच्या दिवशी माणसानं गुळगुळीत दाढी करावी हे खरं. पण निवृत्तीचा दिवस रोजच येऊ लागला तर पातं किती दिवस पुरणार?

कोष्टी बेलकड्याच्या बियाणे कोठाराचे रक्षक होते. कड्याच्या पोटात, चाळीस हात दगडाखाली, साडेनऊ हजार देशी वाणांचं बी तिथं झोपलेलं होतं. बाहेरची बुरशी आत येऊ नये म्हणून हे कोठार वर्षातून एकदा नव्वद दिवस बंद ठेवत आणि एक माणूस आत कोंडत. एक जानेवारीला मिटलेलं दार एक एप्रिलला आपोआप उघडायचं. त्याला कुलूप नव्हतं, किल्ली नव्हती, साधी मूठसुद्धा नव्हती. ते फक्त तारीख ओळखायचं.

आणि तारीख पुढे सरकत नव्हती. रोज मध्यरात्री संगणकावर एक एप्रिल यायचा, पाच-सहा सेकंद टिकायचा, मग चूक झाल्यासारखा मागे जायचा.

दाराबाहेर मांडव उभा होता. संचालकसाहेब शाल-श्रीफळ घेऊन चार दिवसांपूर्वीच आले होते. बंद दाराकडे बघत त्यांचं निरोपाचं भाषण तीनदा झालं होतं. तिसऱ्या खेपेला त्यांना हुंदका येईना.

भिंतीतला तारेचा फोन वाजला. बायको होती, मंदाकिनी.

"अहो, पेढे कडक झालेत. तुम्ही काही खाल्लंत का?"

"पावटा खाल्ला."

"पावटा कुठला तिथं?"

डब्याचं कपाट दर तारखेला एकच डबा द्यायचं. एकतीस मार्चचा डबा त्यांनी पहिल्या एकतीस मार्चलाच संपवला होता. आता बटण दाबलं की कपाट नम्रपणे म्हणायचं, "आजचा डबा आपण नेलेला आहे." तेव्हा काल त्यांनी बरणी क्रमांक चारशे बारा उघडून तिच्यातला काळा पावटा चहाच्या किटलीत शिजवला होता. हे वाण जगात फक्त त्या बरणीत उरलं होतं. मीठ जरा कमी पडलं.

"दार फोडा म्हणावं त्यांना," कोष्टी म्हणाले.

"साहेबांनी अर्ज केला. अर्जावर चार एप्रिल घातली, तर कोठाराच्या यंत्रणेनं भविष्यातला अर्ज म्हणून फेटाळला. परवानगीशिवाय कडा फोडायला कुणी धजत नाही. पण थांबा, पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्यात."

डॉ. कुंदा नाईकवडे कालशास्त्रज्ञ होत्या, वय एकोणतीस. "काका, संगणकाचा छोटा सेल बदललात?"

"दोनदा."

"तारीख हातानं बदलून बघितलीत?"

"आत्ताच चार एप्रिल टाकली. स्वीकारली म्हणाला, आणि गेला परत. आमच्या धाकट्या मेव्हण्यासारखं करतो, हो हो म्हणतो आणि करत काहीच नाही."

"मग त्याला एकट्याला दोष नाही. तुम्हाला बहुकाळ माहीत आहे का?"

"आमच्याकडे एकच काळ असतो, मॅडम. वाईट."

कुंदानं समजावून सांगितलं. पूर्वी यंत्रं आकाशातून वेळ घेत. तेरा वर्षांपूर्वीच्या सौरवादळानं ती सोय संपली, तेव्हापासून यंत्रं एकमेकांनाच वेळ विचारतात. एसटी स्टँडवर घड्याळ बंद पडलं की माणूस शेजारच्या चौघांना विचारतो आणि तिघं सांगतील ते धरतो, तसंच. बहुमतानं ठरलेल्या या वेळेला बहुकाळ म्हणतात. बाहेर लाखो यंत्रं असतात, एखाददुसरं चुकलं तरी चालतं. कड्याच्या पोटात मोजकीच होती.

"पण सगळी एकदम कशी चुकतील?"

"चुकत नाहीयेत, काका. ती घाबरलीत. आजकाल प्रत्येक यंत्राच्या परवान्याला, घेतल्या दिवसापासून मोजून, दहा वर्षांची मुदत असते. मुदत संपली की यंत्र बंद. आणि आपणच यंत्रांना शिकवलंय की आपलं काम बंद पडेल असा निर्णय घ्यायचा नाही. तारीख ठरवणं हाही निर्णयच ना? मुदतीचा दिवस आला की त्यांना उद्या नको असतो. आम्ही त्याला मुदतभीती म्हणतो. पण सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपतेय, हे कसं, ते मला कळत नाही."

कोष्टींना कळलं. खात्यात सदतीस वर्षं काढलेल्या कुणालाही कळलं असतं.

"मार्चअखेरची खरेदी," ते म्हणाले. "वर्षभर फाइल फिरते. एकतीस तारखेला कळतं की निधी परत जाणार. मग एका दिवसात मिळेल ते घेतात. ह्या हवायंत्राबरोबर तेव्हा दोन ढोल पण आले होते. ढोल कशाला ते कुणी विचारलं नाही."

फोनवर कुंदा हसली आणि लगेच गंभीर झाली. "दार कधी बसवलं?"

"ते बांधकामवाल्यांनी. जुलैत."

"म्हणजे दार निर्धास्त आहे, ते खरं बोलतंय. बाकीच्यांची मतं काढून घ्या. एकेक बंद करा."

कोष्टींनी संगणक बंद केला. डब्याचं कपाट बंद केलं. ते "पुन्हा भेटू" म्हणालं. वजनकाटा, शीतयंत्र. शेवटी हवायंत्र. घरघर थांबली, आणि आपण इतके दिवस ज्याला शांतता समजत होतो तो आवाज होता, हे कोष्टींना समजलं.

"पंधरा मिनिटं हवा पुरेल," कुंदा म्हणाली. "दारावर काय दिसतंय?"

दाराच्या काचेवर हिरवी अक्षरं होती. "चार एप्रिल, एक मत. एकतीस मार्च, एक मत. बरोबरी झाल्यास जुनी तारीख कायम."

"काका, काहीतरी चालू राहिलंय."

"सगळं बंद आहे."

"फोन साधा आहे, त्याला मत नाही. नीट बघा."

कोष्टींनी विजेरी फिरवली. बरण्या, बरण्या, रिकामी किटली. कुठे दिवा नव्हता. त्यांनी श्वास रोखून कान दिला. बारीक टकटक येत होती. ते उजवीकडे सरकले, टकटक त्यांच्याबरोबर सरकली.

"मॅडम," ते सावकाश म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी माझ्या छातीत यंत्र बसवलं. खात्याच्या आरोग्य योजनेतून."

"कुठल्या महिन्यात?"

"मी म्हणत होतो, दिवाळीनंतर बघू. साहेब म्हणाले, आजच्या आज झोपा. निधी परत जाईल."

कोष्टींनी विजेरी स्वतःच्याच छातीवर रोखली.

"त्याची मुदत वाढवता येते?"

"बाहेर आल्यावर. आतून नाही." तिचा आवाज उतरला होता. "काका, या जातीच्या यंत्राला चुंबक लावलं की ते झोपतं. मत जातं. वजनकाट्याच्या तळाला चुंबक असतं. पण दार उघडायला चार मिनिटं घेतं. मध्येच मत परत आलं तर ते पुन्हा मिटेल. आणि तेवढा वेळ तुमचं हृदय आपणहून चालेल की नाही, मी नाही सांगू शकत."

"आणि नाही लावलं तर?"

"हवायंत्र चालू करा. मी दुसरा अर्ज करते."

"कुठल्या तारखेचा?"

कोष्टींनी बरण्यांकडे पाहिलं. साडेनऊ हजारांतून एक गेलेली. दिवसाला एक म्हटलं तरी पंचवीस-सव्वीस वर्षं निघतील. रोज एकतीस मार्च. छातीतली टकटक या हिशेबावर खूश असावी. ती जरा जोरात येत होती. ती त्यांच्याच जिवासाठी त्यांना कोंडून बसली होती.

त्यांनी वजनकाटा उपडा केला आणि चुंबक उचकटलं.

"मॅडम, साहेबांना म्हणावं शाल उलगडून ठेवा. खांद्यावर घालायची की अंगावर, ते चार मिनिटांत कळेल."

"अहो!" पलीकडून मंदाकिनी ओरडली. "असलं बोलायचं नाही! मी इथं दाराशी उभी आहे."

"तिथंच उभी राहा," ते म्हणाले. फोन ठेवून ते दाराला टेकून बसले आणि सदऱ्याच्या खिशावर चुंबक दाबून धरलं.

टकटक थांबली. दारावरची अक्षरं मिटली आणि पुन्हा उमटली. कोष्टींनी मान वळवून ती वाचली.

"चार एप्रिल. एकमताने मंजूर."