नानासोच्या काठीची रेघ

मोबाईल ठिव खाली, विश्वजित. न्हाईतर आडात भिरकावीन. ऐकायचं तर गप ऐका, मधी बोलायचं न्हाई.

गेल्या पौषातली आवस. रातचं साडेआठ झालं हुतं. माझा मावसभाऊ गुंडा घरातनं निघाला शाळंकडं. काम साधंच. दुसऱ्या दिशी सकाळी शाळंत पंच बसनार हुतं, मी बी त्यात. गुंडाच्या आनी त्येच्या वहिनीच्या, धोंडुबाईच्या, शेताची हद्द ठरवायची हुती. थोरला भाऊ नानासो, गुंडा त्येला आन्ना म्हनायचा, त्यो वारला आनी हे बेनं दर नांगरटीला बांध कोरत गेलं. दोन वर्सांत समदा बांध गिळला. धोंडुबाईची हीर त्या बांधालाच लागून. हद्द आनखी सरकली की हीर गेली गुंडाच्या रानात. मी तोंडावर शिव्या घातल्या त्येला. पन ऐकतंय व्हय!

शाळंत तवा नवा फळा आलावता, लायटीवरचा. मोबाईलगतच, पन भिताडाएवढा. शाळंतच ऱ्हानारा पारस मास्तर त्येच्यावर शेताचा वरनं काढलेला फोटो दावनार हुता, आनी त्यावर बोटानं हद्दीची रेघ वडनार हुता.

"मास्तर, रेघ आत्ताच वडून ठिवा," गुंडा म्हनला. "चांगली जाड."

"तात्या, एवढी जाड केली तर तिच्याखाली विहीर झाकते."

"झाकू दे की! तुमच्या बाची हाय व्हय?"

मास्तर सांगलीकडचा, गरीब मानूस. काय करतोय? रंग निळा केला. जाडी वाढवली. सलग रेघ निवडली आनी हिरीच्या पल्याडनं बोट फिरवलं.

रेघ उमटली. तांबडी. बारीक. तुटक.

"सेटिंग बिघडलं वाटतं." मास्तरनं पुसली. परत निळा केला, परत जाड केली.

परत तांबडीच. आनी ह्या बारीला हिरीच्या अल्याड. जुन्या बांधावर.

"नीट वडा की, मास्तर!"

"तात्या... मी अजून बोटच लावलं नाही."

गुंडा जवळ गेला. बघतोय तर लांब रेघ, मग ठिपका. लांब रेघ, ठिपका. आमी मेंढरांमागं वाढलेली मानसं. माग बघितला की मानूस वळखतो. नानासोचा उजवा पाय अधू, फरफटायचा. हातात काठी. फुफाट्यात त्येचा माग असाच उठायचा. फरफट, काठी. फरफट, काठी...

रेघ थांबली न्हाई.

बांध सपला. रेघ रस्त्याला लागली. चिंचंखालनं वळली. शाळंच्या पत्र्यापातूर आली.

थांबली.

"बंद करा," गुंडा म्हनला.

मास्तरनं बटन दाबलं. फळा बंद हुईना.

भाईर, व्हरांड्यात... खर्र.

ठक.

खर्र...

ठक.

लाईट गेली. वस्ती समदी अंधारात. फळा तेवढा चालू.

मास्तर सांगतो, गुंडा दाराकडं तोंड करून हुबा हुता. हात जोडलेलं. एवढंच म्हनला, "आन्ना... सकाळी सांगतो. समद्यांसमोर."

मग... काईच न्हाई.

सकाळी आमी पंच गेलो. फळ्यावर तांबडी रेघ तशीच. आमी तोंड उघडायच्या आत गुंडा उठला.

"हीच खरी हद्द. हीर वहिनीची. बांध मी कोरला."

जल्मात कवा चूक कबूल केली न्हाई ह्या गड्यानं. मी बघतच ऱ्हायलो.

धोंडुबाई उठली. फळ्यापाशी गेली. खाली पेन ठिवायची पट्टी असती, तिच्यावरनं काईतरी उचललं.

काठीची शेंबी. टोकाला बसवत्यात ती लोखंडी टोपी. नानासोचीच. एका अंगाला चेपलेली, माझ्याच हातानं ठोकून बसवलीवती मी. त्येच्या सरनावर ती काठी बी जळाली. राखंतनं शेंबी घावली, ती गुंडानं कराडला संगमावर सोडली. माझ्यादेखत. दोन वर्सं झालीवती त्येला.

धोंडुबाईनं मूठ उघडली.

शेंबी वली हुती... आत नदीची वाळू.